एलएस-व्हीटेक इंजिन जुळवण्याआधीची तयारी

अमेरिकेत नव्वदच्या दशकात विकल्या गेलेल्या साध्या अक्युरा इंटेग्राचं बी१८बी (यालाच एलएस म्हणतात) आणि व्हीटेकवालं, म्हणजे जास्त आरपीएमला वेगळ्या कॅमवर जाणारं, बी१६ए ही होंडाच्या एकाच घराण्यातली इंजिनं. एलएसच्या ब्लॉकवर व्हीटेकचं हेड बसवलं की झालं एलएस-व्हीटेक. दोघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८१ मिमी, त्यामुळे बी१६एचं हेड १८३४ सीसीच्या एलएस ब्लॉकवर बसतं आणि तिथेच लोकांना वाटतं की काम झालं. खरं काम ते पुढे चालवण्याचं असतं, आणि त्याची तयारी पाना हातात घेण्याआधी करायची.

सामान मागवण्यापूर्वी एक आकडा लिहून ठेवा: इंजिन किती आरपीएमपर्यंत फिरवायचं? बी१६एचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७७.४ मिमी, एलएसचा ८९. ८००० आरपीएमला बी१६एच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २०.६ मीटर असतो. एलएसचा पिस्टन तो वेग ७००० च्या आतच गाठतो. रॉडवरची (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यावरची) ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६८०० वरून ८००० वर गेलात तर जवळजवळ ३८ टक्के जास्त. हेड वरच्या आरपीएमलाही ओढत राहणार, ब्लॉकला ते झेपेलच असं नाही. म्हणून भारी कॅमच्या आधी चांगल्या रॉड बोल्टचे पैसे बाजूला काढा. नवे बोल्ट घातले की रॉडचं मोठं टोक पुन्हा मापात गोल करून घ्यावं लागतं. हे टाळून नुसते बोल्ट बदलणारे कमी नाहीत, आणि तसं काम करून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी तरी ब्लॉक नेणार नाही.

दुसरा मोठा मुद्दा ऑइलचा. व्हीटेकचे रॉकर ऑइलच्या दाबावर एकमेकांत अडकतात, पण एलएस ब्लॉकमध्ये त्या दाबाची वाट वर हेडपर्यंत नाहीच. हेडच्या खालच्या पृष्ठभागावरचं, व्हीटेकचं ऑइल आत घेणारं भोक आटे पाडून प्लगने बंद करायचं, बाजूने ड्रिल करून नवी वाट काढायची आणि ब्लॉकवरच्या ऑइल प्रेशर सेन्सरच्या जागी टी जोडून तिथून होज वर न्यायचा. प्लग पृष्ठभागाच्या वर अजिबात नको, नाहीतर गॅस्केट नीट दबणार नाही. ड्रिल झाल्यावर हेडमधली प्रत्येक वाट ब्रश आणि हवेने साफ करा. ॲल्युमिनियमचा एक कण व्हीटेकच्या सोलेनॉइडच्या (ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेच्या) जाळीत गेला तर कॅम बदलणारच नाही, आणि तुम्ही वायरिंगमध्ये दोष शोधत बसाल. हेड जागेवर बसवणाऱ्या डाऊल पिनची भोकं थेट जुळत नाहीत, तेही काम मशीन शॉपकडे द्या. हेडचे स्टड याच जोडीसाठीचे घ्या. ऑइल पंप व्हीटेक इंजिनाचा असलेला बरा.

कॉम्प्रेशनचा अंदाज इंटरनेटवरच्या आकड्यांवरून करू नका, ब्युरेट घेऊन हेडमधला ज्वलनाचा चेंबर मोजा. एका सिलिंडरचं घनफळ सुमारे ४५८ सीसी आहे. १०.५ रेशो हवा असेल तर वर उरणारी सगळी जागा मिळून ४८ सीसीच्या आसपास. एक सीसी इकडेतिकडे झाला की रेशो ०.२ ने हलतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती अंतर उरतं ते बघायला पिस्टनवर मॉडेलिंग क्ले ठेवून, हेड कसून, क्रँक हाताने फिरवा आणि व्हॉल्व्हची खूण कापून मोजा.

टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि पुली एकमेकांशी जुळणारे घ्या. पंपाचे दात मोजा. इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणून चिप बदललेला होंडाचा पी२८ बरेच जण वापरतात. त्याला नॉक (इंधनाचा अवेळी स्फोट) ओळखणारा सेन्सर नसतो, तेव्हा इग्निशन टायमिंग जपूनच ठरवावं.

गाडी कॅलिफोर्नियात असेल तर इंजिन बदलाची तपासणी आधी समजून घ्या. भारतात असं काही करायचं मनात आलं तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि आरसीवरचा इंजिन क्रमांक आधी बघा, सुटे भाग नंतर.

पहिल्या स्टार्टआधी स्पार्क प्लग काढून, इंधन तोडून स्टार्टर फिरवा. ऑइलचा दाब गेजवर दिसेपर्यंत प्लग परत लावू नका.