प्रीपेड सिम: जाहिरातीतल्या किमतीबाहेर कापले जाणारे पैसे कसे वाचवायचे

प्रीपेड पॅकची जाहिरातीत छापलेली किंमत बहुतेक वेळा खरी असते, पण ती फक्त पॅकच्या आतल्या वापराची असते. पॅकमध्ये न बसणारा कॉल, मेसेज किंवा डेटा मेन बॅलन्समधून कापला जातो आणि तिथले दर पॅकच्या हिशेबापेक्षा कितीतरी चढे असतात. त्यामुळे पहिली आणि सगळ्यात उपयोगी सवय ही: पॅक मारा, पण मेन बॅलन्स शून्याच्या आसपास ठेवा. बॅलन्सच नसेल तर पॅकबाहेरचा कॉल लागत नाही, डेटा थांबतो आणि काहीतरी गडबड आहे हे पैसे जाण्याआधी कळतं. काही कंपन्यांमध्ये आधी टॉप-अप करून (म्हणजे मेन बॅलन्समध्ये पैसे भरून) मग त्यातून पॅक घ्यावा लागतो. तिथे पॅकच्या किमतीएवढाच टॉप-अप करा आणि लगेच पॅक चालू करा. टॉप-अप आणि पॅक यांच्यामध्ये मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर त्या दोन मिनिटांत फोन मागच्या मागे अपडेट ओढतो आणि पॅकला पैसे कमी पडतात.

आधी दिवस मोजा, मग किंमत बघा

'महिन्याचा' म्हणून विकला जाणारा पॅक बऱ्याचदा २८ दिवसांचा असतो. २८ दिवसांचे १२ रिचार्ज म्हणजे ३३६ दिवस. वर्षाचे उरलेले २९ दिवस भागवायला तेरावा रिचार्ज लागतो आणि तो करूनही ३६४ दिवसच होतात. म्हणजे २८ दिवसांचा आणि पूर्ण कॅलेंडर महिन्याचा पॅक एकाच किमतीला असेल, तर २८ दिवसांचा पॅक वर्षाकाठी ८ टक्क्यांहून जास्त महाग पडतो. दोन पॅकची तुलना करताना किंमत भागिले दिवस हा एकच आकडा काढा.

दिवस कसा मोजतात तेही वाचा. काही पॅकमध्ये चालू केल्यापासून २४ तास म्हणजे एक दिवस. बाकीच्यांत मध्यरात्री दिवस संपतो, मग रात्री ११ वाजता रिचार्ज केलेल्याचा पहिला दिवस तासाभरातच उरकतो. अशा पॅकचा रिचार्ज सकाळी करावा. जुना पॅक चालू असताना नवा मारला तर तो रांगेत थांबतो की लगेच सुरू होऊन जुन्याचे उरलेले दिवस खातो, हे रिचार्ज करण्याआधी बघायचं. दोन्ही प्रकार अस्तित्वात आहेत.

रोजच्या कोट्याच्या पॅकमध्ये आणखी एक मेख असते. रोज दीड जीबी, २८ दिवस, म्हणून जाहिरातीत '४२ जीबी' असं मोठ्या अक्षरात लिहितात. पण न वापरलेला डेटा त्याच रात्री संपतो. कामाच्या दिवशी अर्धा जीबी आणि सुट्टीच्या दिवशी तीन जीबी असा वापर असेल, तर ४२ पैकी जवळपास निम्मा वाया जाऊनही दर सुट्टीला वरचा डेटा विकत घ्यावा लागतो. अशा माणसाला आकडा लहान असला तरी एकगठ्ठा डेटाचा पॅक स्वस्त पडतो.

कोटा संपल्यावर नेमकं काय होतं

पॅक घेताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तरं बहुतेक वेळा तीनच असतात. डेटा थांबतो, वेग कमी होतो, किंवा मेन बॅलन्समधून एमबीच्या हिशेबाने पैसे कापले जातात. पहिल्या दोन्हींत खर्च नाही. पण 'वेग कमी' म्हणजे किती, तो आकडा बघा. ६४ केबीपीएस वेगाने १ एमबीचा फोटो यायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. नकाशा उघडत नाही, ॲपमधून पैसे भरताना मध्येच वेळ संपतो. त्याला 'अनलिमिटेड' म्हणायचं की नाही हे तुम्हीच ठरवा.

तिसरा प्रकार खरा खिसा कापणारा. त्यातही हिशेब वरच्या टप्प्याला गोल करतात. टप्पा १ एमबीचा असेल आणि दर वेळच्या जोडणीला स्वतंत्र मोजत असतील, तर ४० केबीच्या एका छोट्या हालचालीलाही पूर्ण १ एमबीचे पैसे लागतात. फोन दिवसभरात अशा कितीतरी जोडण्या आपणहून करतो. 'पॅकबाहेरचा डेटा बंद' अशी सोय कंपनीच्या ॲपमध्ये असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करा.

फोनमध्येही अटकाव घाला. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये 'डेटा वॉर्निंग आणि लिमिट' असतं. तिथे मोजणीची सुरुवात पॅकच्या तारखेशी जुळवा आणि मर्यादा कोट्याच्या ९० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण १०० टक्के ठेवू नका, कारण फोनची मोजणी आणि कंपनीची मोजणी कधीच तंतोतंत जुळत नाही. कोणी १ जीबी म्हणजे १००० एमबी धरतं, कोणी १०२४. बिल मात्र कंपनीच्या मोजणीवरच होतं. आयफोनमध्ये ठरावीक आकड्याला आपोआप तोडणारी मर्यादा नाही. तिथे मोबाइल डेटाच्या यादीत जाऊन फोटो, ॲप स्टोअर आणि व्हिडिओवाली ॲप एकेक करून बंद करावी लागतात. त्याच यादीच्या खाली 'वाय-फाय असिस्ट' असतं. वाय-फाय कमजोर झालं की ते गुपचूप मोबाइल डेटा वापरतं. ते बंद करा. ॲन्ड्रॉइडमध्येही अशीच सोय वेगवेगळ्या नावांनी असते.

कॉल आणि मेसेज

कॉलचा दर मिनिटाला असेल तर ६१ सेकंदांच्या कॉलला दोन मिनिटांचे पैसे लागतात. असे वीस छोटे कॉल केले की बोलणं वीस मिनिटांचं आणि हिशेब चाळीस मिनिटांचा होतो. थोडक्यात बोलणाऱ्यांनी सेकंदाचा दर असलेलाच प्लॅन घ्यावा, त्याचा दर कागदावर जरा चढा दिसला तरी. काही प्लॅनमध्ये कॉल लागताक्षणी जोडणीचे वेगळे पैसे कापले जातात. दरपत्रकात ते स्वतंत्र ओळीत असतात.

'सर्व नंबरांवर अनलिमिटेड' यात परदेशी नंबर, उपग्रह फोनचे नंबर, स्पर्धा आणि मतदानाचे छोटे नंबर, कॉन्फरन्स कॉलचे काही नंबर बहुधा येत नाहीत. लँडलाइनवरून मोफत असलेला नंबर मोबाइलवरूनही मोफत असेलच असं नाही. अनोळखी देशाचा मिस्ड कॉल आला तर उलट फोन करू नका. महागड्या नंबरावर परत फोन करायला लावण्यासाठीच एक रिंग देऊन तोडतात.

मेसेजचा हिशेब मराठीत लिहिणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा, कारण इथे आपल्यालाच जास्त पैसे पडतात. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. 'क्षमस्व' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत क, हलन्त, ष, म, स, हलन्त, व अशी सात होतात. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे. म्हणजे १५० मोजणीचा मराठी मेसेज तीन एसएमएसचा होतो. रोमन मजकुरात एक इमोजी टाकली तरी पूर्ण मेसेज याच ७० च्या हिशेबात जातो. रोज १०० एसएमएस मोफत असलेल्या पॅकमध्येही तुकडेच मोजले जातात. फार लांब मजकूर, चित्र किंवा ग्रुपला पाठवलेला मेसेज एमएमएस (चित्र वगैरे पाठवता येणारा मेसेज) होतो, आणि एमएमएस पॅकमध्ये बहुतेकदा नसतो. मेसेज ॲपच्या सेटिंगमध्ये ग्रुप मेसेज एमएमएसने जाऊ नये अशी निवड करा.

दोन ठिकाणी फोन तुमच्या नकळत एसएमएस पाठवतो. आयफोनमध्ये आयमेसेज आणि फेसटाइम चालू होताना नंबर पडताळण्यासाठी एक मेसेज जातो. तो कित्येकदा परदेशी नंबरावर जातो आणि त्याचे पैसे लागू शकतात. नवं सिम घालताच बॅलन्स थोडा कमी दिसला तर आधी हे तपासा. दुसरं म्हणजे इंटरनेट नसताना चॅटचा मेसेज आपोआप साध्या एसएमएसने पाठवण्याची सोय. ती आयफोन आणि ॲन्ड्रॉइड दोन्हींत मेसेजच्या सेटिंगमध्ये बंद करता येते.

न मागितलेल्या सेवा

कॉलर ट्यून, राशिभविष्य, गेम, क्रिकेटचे स्कोअर अशा सेवा दर दिवसाला किंवा आठवड्याला थोडे थोडे पैसे कापतात. रक्कम इतकी लहान असते की महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. त्या चालू कशा होतात हे कळलं तर टाळता येतात. एक वाट सिममधल्या मेनूची. स्क्रीनवर अचानक चौकट येते, घाईत 'ओके' दाबलं जातं आणि सेवा सुरू होते. 'सिम टूलकिट' नावाच्या ॲपमध्ये जाऊन या सूचना बंद करा. दुसरी वाट जाहिरातीच्या पानांची. मोबाइल डेटावर पान उघडलं तर काही नेटवर्कवर तुमचा नंबर त्या पानाला आपोआप ओळखता येतो, मग कार्ड नाही, ओटीपी नाही, एका बटणावर वर्गणी लागते. वाय-फायवर नंबर असा पोचत नाही.

कंपनीला सांगून प्रीमियम एसएमएस (जादा दराचे मेसेज) आणि मोबाइल बॅलन्समधून होणारी खरेदी दोन्ही बंद करून घ्या. मुलांच्या हातातल्या फोनवर तर हे नक्कीच करा. ॲन्ड्रॉइडमध्ये ॲपच्या 'विशेष परवानग्या' या भागात प्रीमियम एसएमएसची यादी असते. तिथे कोणत्याही ॲपला कायमची परवानगी राहू देऊ नका.

आपोआप होणाऱ्या रिचार्जचंही असंच. पहिल्या काही वेळा सवलत, मग पूर्ण दर, आणि कार्ड साठवलेलं. बंद करताना कंपनीच्या ॲपमध्येही बंद करा आणि बँकेत दिलेली मंजुरीही काढा. एकच केलं तर दुसरीकडून पैसे जाऊ शकतात.

नवं सिम किंवा ई-सिम घेताना

सिमची किंमत, चालू करण्याचे पैसे, सक्तीचा पहिला रिचार्ज, घरपोच आणण्याचे पैसे, कर: हे पाच आकडे वेगवेगळे विचारून बेरीज करा. दुसऱ्या कंपनीच्या ॲपवरून रिचार्ज केलात तर त्यांचं सेवाशुल्क वेगळं लागू शकतं. तोच पॅक मूळ कंपनीच्या ॲपमध्ये बघून घ्या. 'दुप्पट डेटा' हा फायदा पहिल्याच रिचार्जला आहे का, हेही विचारा.

प्रवासासाठी घेतलेल्या ई-सिमची (कार्डाशिवाय थेट फोनमध्ये भरायचं सिम) मुदत घेतल्याक्षणी सुरू होते, फोनमध्ये भरल्यावर, की तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर? याच्यावर तुमचे दोन-तीन दिवस अवलंबून असतात. ई-सिमचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. चुकून प्रोफाइल पुसलं तर नवा घ्यावा लागू शकतो, म्हणून ते पुसू नका, नुसतं बंद करा. बरीच ई-सिम फक्त डेटाची असतात, त्यांना नंबर नसतो. हॉटस्पॉट चालतो का तेही विचारा.

फोनमध्ये दोन सिम असतील तर 'डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाऊ द्या' ही सेटिंग बंद असलीच पाहिजे. प्रवासात सर्वांत जास्त चटका इथे बसतो. नव्या सिमचं सिग्नल गेलं किंवा जुन्या सिमवर कॉल आला की डेटा जुन्या सिमवरून रोमिंगच्या दराने जायला लागतो. जुन्या सिमचं डेटा रोमिंगही स्वतंत्रपणे बंद करा.

सीमेजवळच्या गावात फोन शेजारच्या देशाचं नेटवर्क पकडतो. नेटवर्क हाताने निवडा. विमानातलं आणि जहाजावरचं मोबाइल नेटवर्क उपग्रहाला जोडलेलं असतं आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुतेकदा बसत नाही. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमध्ये रोमिंगचा जादा आकार नाही, तरी ही नेटवर्क त्या नियमाबाहेरच आहेत. दार बंद होताच एअरप्लेन मोड लावा.

परदेशात असताना न उचललेला कॉल व्हॉइसमेलवर वळतो, तेव्हा कॉल तुमच्याकडे येण्याचे आणि वळून मायदेशी परत जाण्याचे असे दोन्ही पैसे लागू शकतात. निघण्याआधी ##००२# डायल करा, सगळे वळवलेले कॉल रद्द होतात. *#२१# ने सरसकट वळवणी चालू आहे का ते दिसतं.

सिम जिवंत ठेवणं

बॅलन्सला मुदत असते आणि फार दिवस वापर नसेल तर नंबर काढून दुसऱ्याला दिला जातो. नुसते येणारे कॉल वापर म्हणून धरतात का, हे कंपनीगणिक बदलतं. कमीत कमी केवढा रिचार्ज, किती दिवसांनी, हे लिहून ठेवा आणि फोनमध्ये आठवडाभर आधीचा गजर लावा. बँकेचे ओटीपी त्या नंबरावर येत असतील तर इथे काटकसर करू नका.

पैसे कापले गेलेच तर

नव्या पॅकच्या पहिल्या दिवशी चाचणी घ्या. बॅलन्स बघा, एक छोटा कॉल करा, एक मराठी एसएमएस पाठवा, दहा मिनिटं मोबाइल डेटा वापरा, प्रत्येकानंतर पुन्हा बॅलन्स बघा. कुठे गळती आहे ते तिथल्या तिथे सापडतं. रिचार्ज करण्याआधी पॅकच्या पानाचा, अटींसकट, स्क्रीनशॉट घ्या. पान नंतर बदलतं.

तक्रार करताना 'पैसे गेले' एवढंच न सांगता तारीख, वेळ, कापलेली रक्कम, आधीचा आणि नंतरचा बॅलन्स आणि रिचार्जचा व्यवहार क्रमांक द्या, आणि वापराचा तपशीलवार हिशेब मागा. सेवेचे पैसे असतील तर आधी ती बंद करायला लावा, बंद झाल्याचा मेसेज येईपर्यंत फोन ठेवू नका, मग परतावा मागा. तक्रार क्रमांक घ्या. कंपनीने मुदतीत उत्तर दिलं नाही तर त्याच क्रमांकावर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करा आणि त्यानंतर ग्राहक आयोगाकडे (पूर्वीचा ग्राहक मंच) जा. तिथे पहिल्यांदा हाच तक्रार क्रमांक विचारतात.