ब्राउझरमध्ये 'स्क्रिप्ट एरर' आला तर काय कराल?

मृगाच्या तोंडावर पारोळ्यातल्या आमच्या सेवा केंद्रात अर्ज भरणाऱ्यांची रीघ लागते. अशाच एका दुपारी एक आबा मुलाचा लॅपटॉप काखेत धरून आले. "भाऊ, हाई काय उनं? पुढे सरकस नही." अर्ज अर्धा भरून झाला होता, पान पांढरं पडलं होतं आणि वर एररची एक ओळ होती. घरी त्यांनी तेच पान सहा वेळा उघडून पाहिलं होतं.

अशा वेळी घाईने काही दाबू नका, समोरचा मजकूर आधी वाचा. 'पान प्रतिसाद देत नाही' असं असेल तर पानामागचा जावास्क्रिप्टचा कोड, म्हणजे पान चालवणाऱ्या सूचना (स्क्रिप्ट), कुठेतरी अडकलाय, म्हणून 'थांबा' (Wait) दाबून मिनिटभर वाट बघा. मात्र पडदाभर लाल इशारा, भोंगा आणि 'या नंबरवर फोन करा' असं दिसलं तर तो एरर नसून फसवणूक आहे. फोन करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

पान अजून दिसत असेल तर लिहिलेला मजकूर नोटपॅडमध्ये उतरवून ठेवा. पैसे भरताना अडकलं असेल तर पान पुन्हा लोड करण्याआधी बँकेचा मेसेज किंवा खातं तपासा, नाहीतर रक्कम दोनदा कापली जाऊ शकते.

आता कंट्रोल धरून एफ५ दाबा. ब्राउझर पानाच्या फाइली साठवून ठेवतो. साइटने कोड बदलला आणि आपल्याकडे जुनीच फाइल राहिली, तर दोघांचा मेळ बसत नाही. शिवाय मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रेंज जाऊन-येऊन असली की फाइल अर्धवट उतरते. या दोन बटणांनी सगळं ताजं येतं आणि बऱ्याचदा काम तिथेच होतं.

नाही झालं तर तेच पान गुप्त खिडकीत उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते. या खिडकीत आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) चालत नाहीत आणि जुन्या कुकीजही (साइटने साठवलेल्या लॉगिनसारख्या नोंदी) नसतात. पान इथे नीट चाललं, तर दोष आपल्याच ब्राउझरमध्ये आहे. मग सगळी एक्स्टेन्शन बंद करा आणि एकेक चालू करत बघा, जाहिराती अडवणारं आधी. त्यानेही भागलं नाही तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन फक्त त्या साइटच्या कुकीज पुसा. सरसकट सगळं पुसलं तर प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावं लागतं.

आबांच्या लॅपटॉपवर दोष वेगळाच निघाला. इंग्रजी पान मराठीत वाचता यावं म्हणून मुलाने क्रोमचं भाषांतर चालू करून दिलं होतं. भाषांतर करताना ब्राउझर पानातला मजकूर काढून त्या जागी नवे तुकडे बसवतो. पानाचा कोड मात्र जुनेच तुकडे शोधतो, ते सापडले नाहीत की काही साइट कोलमडतात. आपल्या भागात हे फार होतं, आणि लोक स्वतःलाच दोष देत बसतात. पत्त्याच्या पट्टीतल्या भाषांतराच्या चिन्हावर जाऊन मूळ भाषा निवडली, अर्ज पुन्हा भरला आणि आबांच्या हाती पावती आली. मराठीत वाचायचंच असेल तर मोबाइलवर भाषांतर वाचा आणि अर्ज मूळ पानावर भरा.

जुन्या डेस्कटॉपवर तारीखही बघा. आतला गोल सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, मग सुरक्षित साइट उघडत नाही किंवा तिच्या काही फाइली अडतात. सीआर२०३२ सेल बहुतेक ठिकाणी चालतो. ब्राउझरही अद्ययावत हवा. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची, आणि नव्या साइटचा सगळा कोड तिला समजेलच असं नाही.

हिशेबाच्या एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये ओळ क्रमांकासह 'स्क्रिप्टमध्ये चूक, पुढे चालू ठेवू का?' अशी चौकट येते. तिथे क्रोममध्ये खटाटोप करून उपयोग नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ११ या जुन्या ब्राउझरची देखभाल मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला थांबवली, पण त्याचं पान दाखवणारं इंजिन विंडोजमध्ये आहे आणि असे प्रोग्राम ते वापरतात. कंट्रोल पॅनेलच्या इंटरनेट ऑप्शन्समधून ही चौकट बंद करता येते, पण त्याने चूक फक्त झाकली जाते. प्रोग्राम अपडेट करा.

एवढं करूनही अडलं तर दुसऱ्या मोबाइलवर, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर तेच पान उघडा. तिथेही तसंच असेल तर दोष बहुधा साइटचा. एफ१२ दाबून 'कन्सोल'मध्ये जा, लाल ओळींचा फोटो काढा, ब्राउझरची आवृत्ती आणि वेळ लिहून त्यांच्या मदत कक्षाला पाठवा. त्या ओळीत फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, दुरुस्ती करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. फोनवर कुणी सांगितलं म्हणून त्या कन्सोलमध्ये काहीही चिकटवू नका, त्याने तुमचं लॉगिन दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं.