यूट्यूबवरच्या कट्टर व्हिडिओंवर प्रकल्प करताय? या चुका टाळा

२०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला जाऊन आयसिसमध्ये सामील झाले. त्यामुळे ठाणे जिल्ह्यात हा विषय कुणाला नवा नाही, आणि माध्यम शिकणारी मुलं तो प्रकल्पासाठी हौसेने घेतात. फसतात मात्र पहिल्याच पायरीवर.

घरात लॅपटॉप एक. त्यावर भावाचं क्रिकेट, आईच्या रेसिपी, आणि त्याच लॉग-इनवरून ‘यूट्यूब काय सुचवतं’ हे मोजायला बसायचं! तुम्ही मोजता ते घरच्यांच्या आवडीनिवडी. वेगळं ब्राउझर प्रोफाइल, नवं खातं, आणि प्रत्येक वेळी तारीख, भाषा व स्क्रीनशॉट एवढं तरी हवंच. पण कोरं खातं म्हणजेही खरा प्रेक्षक नव्हे. यूट्यूबची शिफारस-यंत्रणा कट्टरतेकडे ढकलत नाही, असं सांगणारा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यावर मुख्य आक्षेप हाच होता, की सगळी तपासणी लॉग-इन न करता केलेली.

दुसरी चूक म्हणजे निष्कर्ष आधी, पुरावे नंतर. ‘अल्गोरिदमने पोरं बिघडवली’ हे वाक्य प्रस्तावनेतच लिहिलेलं असतं. २०२३ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात लोकांचं प्रत्यक्ष ब्राउझिंग तपासलं होतं. कट्टर चॅनेलांचे प्रेक्षक बहुतांशी आधीपासूनचे सबस्क्रायबर किंवा बाहेरच्या लिंकवरून आलेले निघाले. पण ही माहिती २०२० ची, म्हणजे यूट्यूबने २०१९ मध्ये शिफारशी बदलल्यानंतरची. त्याआधी काय घडत होतं, हे त्यातून कळत नाही. मुंब्र्याच्या किंवा ऐरोलीच्या मुलाबद्दल तर मुळीच नाही.

शोधशब्द फक्त देवनागरीत टाकू नका. आपल्याकडे अर्धं जग मराठी-हिंदी रोमन लिपीत टाइप करतं, तेही वाटेल त्या स्पेलिंगने.

‘कोटा संपला’ ही नेहमीची रड. एपीआय म्हणजे प्रोग्रॅम लिहून यूट्यूबकडून माहिती मागवायची सोय. तिचे दिवसाला १०,००० युनिट मिळतात आणि एका सर्चला १०० जातात. शंभर शोधांत खेळ खलास. त्यापेक्षा आधी चॅनेल ठरवा आणि त्यांच्या अपलोडची प्लेलिस्ट वाचा. तिथे एका विनंतीला एकच युनिट लागतं.

व्हिडिओ उद्या नसेल असं धरूनच चाला. आयडी, शीर्षक, वर्णन त्याच दिवशी नोंदवा. २०१७ मध्ये यूट्यूबच्या यंत्राने सीरियातल्या अत्याचारांचे पुरावे असलेले व्हिडिओही उडवले होते. पण म्हणून क्लिप उतरवून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. बंदी असलेल्या संघटनेचा प्रचार पसरवणं यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अंगाशी येऊ शकतं. मार्गदर्शकांची लेखी परवानगी आधी घ्या.

कमेंट म्हणजे पाठिंबा नव्हे. काही जण भांडायलाच आलेले असतात, त्यांनाही ‘समर्थक’ मोजलंत तर तक्ता बिघडतो.

रात्री हेडफोन लावून सलग पाहायचं टाळा. आवाज बंद, स्क्रीनवरची व्हिडिओची खिडकी लहान ठेवा. बऱ्याचदा ट्रान्सक्रिप्ट वाचलं तरी भागतं.