अल्टरनेटर: दुरुस्ती की नवा?

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, खोलण्याआधी पट्ट्याचा ताण, बॅटरीची टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंग तपासा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिन साधारण २००० आरपीएमवर ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक. १३ च्या खाली राहिलं तर चार्जिंग कमी, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय. मल्टिमीटर एसीवर लावल्यावर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर डायोडवर (एसीचा डीसी करणाऱ्या भागांवर) संशय घ्या.

कार्बन ब्रश झिजून ५ मिमीपेक्षा कमी उरलेत, बेअरिंग घरघरतंय किंवा डायोड प्लेट उडालीय, एवढंच असेल तर दुरुस्तीच करा. पण बेअरिंग ब्रँडेडच टाका. उष्णतेने ग्रीस वितळलं की स्वस्तातलं लवकर परत ओरडतं.

आता रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग. त्यावरच्या, ब्रश घासतात त्या स्लिप रिंगमध्ये खोल चर पडले असतील, तर तो बाद. रोटरचा रेझिस्टन्स १२ व्होल्टच्या बहुतेक अल्टरनेटरमध्ये २ ते ५ ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल (सर्किट तुटलेलं), किंवा रिंग ते शाफ्ट कंटिन्युइटी (विजेचा जोड) मिळत असेल, तरीही रोटर बाद. स्टेटरची (बाहेरच्या स्थिर भागाची) वाइंडिंग काळी पडून जळका वास येत असेल, किंवा बेअरिंगची बैठक सैल झाली असेल, तर रिवाइंडिंगच्या (तार पुन्हा गुंडाळण्याच्या) नादी लागू नका. नवा बसवा, जुन्याइतक्याच अँपिअरचा. काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायला विसरू नका.