मियाटा घेतलीत? मग पहिल्या उन्हाळ्याआधी एवढं कराच

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया भागातल्या मराठी घरांत आधी कॅम्री नाहीतर अकॉर्ड येते, मग मुलांसाठी मोठी एसयूव्ही. मुलं कॉलेजला गेली की कुणाच्या तरी मनातली जुनी इच्छा पुन्हा डोकं वर काढते: टप उघडायची, दोन सीटची, स्वतःच्या हौसेची गाडी. शोधाशोध करून बरेच जण शेवटी माझदा मियाटापाशी येतात, आणि माझ्या मते निवड अगदी योग्य आहे. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दिसली आणि २०१६ साली दहा लाखावी मियाटा तयार झाली. चार पिढ्या झाल्या तरी मूळ बेत बदललेला नाही. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन टनाच्या आसपास. सुटे भाग मिळतात आणि बरीचशी कामं घरच्या गॅरेजमध्ये करता येतात.

नव्या मालकांचं चुकतं ते खर्चाच्या क्रमात. गाडी दारात आली की रिम, सायलेन्सर, स्टिकर यांच्यावर पैसे जातात आणि गाडीचं आयुष्य ज्यावर अवलंबून आहे ते तसंच राहतं. मी सांगेन, आधी पाण्याची वाट बघा, मग टायर, मग इंजिन-क्लच. बाकी सगळं नंतर.

पाण्याची वाट म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण उघड्या टपाच्या गाडीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कापडी टपावर पडलेला पाऊस मागच्या कडेला खालच्या अंगाला बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पन्हळीत उतरतो, तिथून दोन्ही सीटांमागच्या कोपऱ्यांत जातो आणि कोपऱ्यातल्या भोकातून नळीवाटे मागच्या चाकांच्या थोडं पुढे गाडीखाली पडतो. ही भोकं बोटाएवढीच. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पाइनच्या सुया, मेपलच्या बिया, धूळ यांचा गाळ तिथे बसतो. मग पाणी तुंबतं आणि मिळेल तिकडे वाट काढतं. कधी कार्पेटखाली जातं, कधी दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळ पत्र्यात. कार्पेट ओलं राहिलं की कुबट वास येतो, तो तरी कळतो. पोकळ पत्र्यात साचलेलं पाणी आतून गंजवत राहतं आणि बाहेर रंगाला फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही.

म्हणून एखाद्या कोरड्या दिवशी सीट पुढे सरकवा, टॉर्च घ्या आणि सीटबेल्टच्या खांबापाशी कोपऱ्यात हात घालून बघा. वरवरचा कचरा बोटांनी काढा. मग वाटीभर पाणी सावकाश ओता आणि घरातल्या कुणाला तरी बाहेरून गाडीखाली बघायला सांगा. लगेच धार पडली तर उत्तम. थेंब थेंब पडलं तर नळी अर्धी भरली आहे असं समजा. ती मोकळी करायला कडक तार खुपसू नका, नळी फाटली तर पाणी थेट पत्र्यातच जाईल. गवत कापायच्या ट्रिमरची नायलॉनची दोरी मऊ असते, ती हळूहळू आत-बाहेर करा आणि पुन्हा पाणी ओता. तिसऱ्या पिढीच्या गाडीत त्या कोपऱ्यात काढून धुता येणारी जाळी असते, तीही साफ करा. हे काम वर्षातून दोनदा करायचं, पानगळ संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा. त्याच बैठकीत दोन्ही बाजूंच्या कार्पेटवर तळहात दाबून ओल आहे का बघा आणि मागच्या चाकांच्या लगेच पुढचा उंबरा बोटांनी चाचपा. इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्या तिथेच आधी जातात. गाडी अजून घ्यायची असेल तर रंगापेक्षा हा उंबरा पाहून भाव ठरवा.

टप उघडण्या-मिटण्याचीही एक शिस्त आहे. ओला टप कधीही दुमडून ठेवू नका, घड्यांत बुरशी धरते आणि ते डाग जात नाहीत. पहिल्या पिढीत मागची खिडकी प्लॅस्टिकची असते. टप खाली घेण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट झोपवायची आणि कडाक्याच्या थंडीत तिला हातच लावायचा नाही, थंड प्लॅस्टिक दुमडलं की तडकतं. १९९८ मध्ये दुसरी पिढी आली तेव्हापासून मागे गरम होणारी काच आहे, तिथे ही काळजी नाही. टप एका बाजूने ओढू नका, सांगाडा वाकतो. मधोमध धरून दोन्ही बाजू सारख्या येऊ द्या. ब्रश फिरणाऱ्या कार वॉशमध्ये ही गाडी नेऊ नका आणि प्रेशरचं पाणी शिवणीवर मारू नका. मऊ ब्रश, सौम्य साबण, भरपूर साधं पाणी, आणि पूर्ण वाळल्यावर कापडासाठी मिळतं ते पाणी न शोषू देणारं स्प्रे. चौथ्या पिढीतल्या आरएफ या कडक टपाच्या प्रकाराचा टप बटणाने उघडतो आणि ताशी १० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही हलतो, पण शक्यतो गाडी थांबवूनच उघडा. आणि फोटोसाठी मागच्या झाकणावर कुणाला बसू देऊ नका. तो पत्रा माणसाच्या वजनासाठी नाही.

आता टायर. हौसेच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१७ असेल तर टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. असे जुने, कडक झालेले टायर विकणाऱ्याने कितीही नवे म्हटले तरी बदला, यात हात आखडता घेऊ नका. हवेचं तर हमखास चुकतं. दुकानवाले सवयीने ३५ पीएसआय भरून देतात. पहिल्या दोन पिढ्यांच्या मियाटाला कंपनीने २६ पीएसआय सांगितली आहे, चौथीला २९. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा आणि सकाळी टायर थंड असताना स्वतः मोजा. जादा हवेने ही हलकी गाडी खड्ड्यांवर उड्या मारते आणि ओल्या वळणावर पकड सोडते. उन्हाळी टायर असतील तर ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते कडक होतात, हे ऑक्टोबरच्या सकाळी लक्षात असू द्या. स्टेपनीही बघा. पहिल्या दोन पिढ्यांत डिकीत छोटी स्टेपनी असते, तिच्यात हवा आहे का ते बघा. त्यानंतरच्या गाड्यांत स्टेपनीच नाही, पंक्चरचं औषध आणि पंप मिळतो. औषधावर मुदत छापलेली असते.

यांत्रिक गोष्टी थोडक्यात. पहिल्या दोन पिढ्यांत टायमिंग बेल्ट आहे, साधारण ६०,००० मैलांवर बदलायचा, आणि तेवढं उघडलंच आहे तर पाण्याचा पंपही बदलून घ्या. आधीच्या मालकाकडे पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला. याच गाड्यांत बॅटरी डिकीत, उजव्या कोपऱ्यात असते. तिचा वायू नळ्यांनी बाहेर सोडलेला असतो, म्हणून कुठलीही बॅटरी आणून बसवू नका, त्या जागेसाठीची सीलबंद, आम्ल न सांडणारी एजीएम बॅटरीच घ्या आणि नळ्या जोडल्या आहेत याची खात्री करा. क्लच खाली गेला आणि वर आला नाही, तर क्लचचा छोटा सिलिंडर गळतोय. या गाडीचा तो जुनाच आजार आहे, भाग महाग नाही. बॉनेट उघडून क्लचच्या डबीतलं तेल महिन्यातून एकदा बघत जा. पहिल्या पिढीचे वर येणारे दिवे अडकले तर मोटरवरची गोल मूठ हाताने फिरवून वर करता येतात. रात्रीच्या पहिल्या प्रवासाआधी ती मूठ शोधून ठेवा.

गाडी चालवण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण आपण बहुतेक जण पुढच्या चाकांच्या गाड्यांवर शिकलो. मियाटात जोर मागे आहे. ओल्या वळणावर घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागचं अंग बाहेर जाऊ शकतं. गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्यांना सक्तीची झाली, त्याआधीच्या बऱ्याच मियाटांत ती नाही. वेग वळणाआधी कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा. रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडून एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ऑटोक्रॉस स्पर्धा होतात, नवख्यांनाही घेतात. तिथली एक दुपार रस्त्यावरच्या कित्येक महिन्यांपेक्षा जास्त शिकवते. जाण्याआधी इन्शुरन्स काय म्हणतो ते वाचा. हायवेवर मोठ्या ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका, इतकी बुटकी गाडी त्यांच्या आरशात दिसत नाही. आणि दिवसाही दिवे लावा.

अंगाची तयारीही लागते. ऊन थेट डोक्यावर येतं आणि वाऱ्यामुळे जाणवत नाही. सनस्क्रीन, गॉगल आणि पट्ट्याची टोपी दारापाशीच ठेवा, पाण्याची बाटली हाताशी ठेवा. ६५ मैलांच्या वेगाने तासभर उघड्या टपाने गेलात तर कान दुखतात, तेव्हा हायवेवर टप मिटा आणि गावातले रस्ते लागले की उघडा. थंडीत खिडक्या वर, हीटर पायांवर, टप उघडा, हा माझा सर्वात आवडता प्रकार आहे.

आई-बाबा पुण्याहून किंवा साताऱ्याहून आले की त्यांनाही फिरवावंसं वाटणारच. सीट फार खाली आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं. टप आधीच उघडा, सीट पूर्ण मागे घ्या, गाडी फूटपाथला अगदी चिकटवू नका, कारण उघडलेलं दार उंच कडेवर अडकतं. त्यांना सीटकडे पाठ करून आधी बसू द्या, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना खिडकीच्या काचेचा आधार घेऊ देऊ नका, हात तुम्ही द्या. लहान बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट चालू एअरबॅगसमोर लावायची नाही म्हणजे नाही.

सामान मऊ पिशव्यांत भरा. चौथ्या पिढीची डिकी १३० लिटरची आहे, मोठी कडक सूटकेस आडवी-उभी कशीही बसत नाही. न्यू जर्सीतल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवरून तांदळाची वीस पौंडांची पिशवी आणि भाजी सहज येते, महिन्याचा किराणा नाही. गाडीत दिसेल असं काही ठेवू नका. चोराला कापडी टप चिरायला क्षणभर पुरतो आणि आतल्या वीस डॉलरच्या चार्जरसाठी टपाचा मोठा खर्च अंगावर येतो.

पहिल्या लांब फेरीसाठी न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट जर्व्हिसजवळ डेलावेअर नदीच्या वरून जाणारा रूट ९७, हॉक्स नेस्टची ती वळणं, सकाळी लवकर गाठा. तिथे कडेला दगडी कठडा आहे, रेंगाळणाऱ्या गाड्या आहेत, म्हणून घाई नको. पुढच्या वेळी व्हर्जिनियातला स्कायलाइन ड्राइव्ह, १०५ मैल, वेगमर्यादा ताशी ३५ मैल, आणि संध्याकाळी हरणं. ३५ च्या वेगात ही गाडी जितकी खुलते तितकी क्वचितच दुसरी कुठली.

हिवाळ्यात ठेवायची असेल तर आधी खालून-वरून धुवा, टाकी भरून पेट्रोल टिकवणारं औषध घाला, टप मिटून कुलूपबंद ठेवा, नाहीतर महिनोन्महिन्यांच्या घड्या कायमच्या बसतात. हँडब्रेक सोडा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा, बॅटरीला टेंडर (चार्ज टिकवून ठेवणारा छोटा चार्जर) जोडा. बाहेर ठेवावी लागली तर प्लॅस्टिकचं आवरण घालू नका, हवा खेळणारं कापडी घ्या. वसंतात ऊन पडलं म्हणून लगेच बाहेर काढू नका. दोन-तीन जोरदार पावसांनी रस्त्यावरचं मीठ धुऊन जाऊ दे.