शस्त्रक्रियेच्या उपकरणांचं डिझाइन शिकायचंय? सुरुवात धुण्याच्या टेबलापासून करा

आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा कात्रीसारखा चिमटा, सर्जनच्या हातात असते ती काही मिनिटं. बाकीचं सगळं आयुष्य ती रक्ताळलेल्या ट्रेमध्ये, एंझाइमच्या पाण्यात, अल्ट्रासॉनिक टाकीत, १३४ अंशांच्या वाफेत आणि गुंडाळलेल्या सेटमध्ये काढते. नवखे विद्यार्थी मात्र पहिल्या दिवशी मूठ रेखाटायला बसतात. मूठ महत्त्वाची आहेच, पण तिच्याकडे नंतर वळलं तरी चालतं. आधी रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात परवानगी काढून दोन दिवस उभे राहा. तिथले कर्मचारी कोणतं अवजार हातात येताच बाजूला ठेवतात, कुठे ब्रश पोचत नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाणी मारतात, कोणता स्क्रू दर वेळी तपासतात, हे टिपून घ्या. “धुताना सगळ्यात नकोसं वाटणारं अवजार कोणतं?” एवढा एकच प्रश्न विचारला तरी वहीची दोन पानं भरतात.

मग एक साधी आर्टरी फोर्सेप मिळवा आणि ती नीट पाहा. बोटांच्या कड्या, दांडे, रॅचेटचे (बंद केलेले दांडे अडकवून ठेवणारे) दाते, मधला सांधा आणि जबडे, एवढेच भाग. रॅचेटच्या पहिल्या दात्यावर बंद करून ती उजेडासमोर धरा. जबड्यांची टोकं एकमेकांना टेकलेली दिसली पाहिजेत, आणि सांध्याच्या बाजूला उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे. एकेक दाता पुढे न्या, तशी फट टोकाकडून मागे मिटत जाते आणि शेवटच्या दात्यावर जबडे पूर्ण लांबीभर बसतात. हे आपोआप होत नाही. जबड्यांना आणि दांड्यांना मुद्दाम किंचित बाक दिलेला असतो आणि दांडा स्प्रिंगसारखा वाकतो. दांडा जाड केला तर शेवटचा दाता गाठायला अंगठ्याला जोर पडतो. बारीक केला तर पकड ढिली होऊन रक्तवाहिनी निसटते. आणि जबडे आधी सांध्यापाशी टेकले, तर टोकांना कधीच पकड येत नाही, मग वरून अवजार कितीही चकचकीत दिसो.

रॅचेटची परीक्षाही सोपी आहे. जबड्यात काहीतरी पकडून पहिल्या दात्यावर बंद करा आणि दात्यांचा भाग तळहातावर हलकेच आपटा. फटकन उघडली तर दाते झिजलेत किंवा दांडे जुळलेले नाहीत. नीडल होल्डरमध्ये, म्हणजे टाक्यांची सुई धरायच्या अवजारात, योग्य जाडीची सुई धरून दुसऱ्या दात्यावर बंद करा. सुई बोटानं सहज फिरली तर जबड्यांचा पृष्ठभाग झिजलाय. कात्रीला चाचणीच्या पातळ रबरावर पात्याच्या टोकापर्यंत कापायला लावा. रबर टोकाशी दुमडलं तर धार किंवा पात्यांचा बाक बिघडलाय. या तीन परीक्षा हातात बसल्या की ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सकडे, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाकडे, तुम्ही वेगळ्या नजरेनं पाहू लागाल.

सांध्याचे मुख्य प्रकार दोन. बॉक्स जॉइंटमध्ये एक दांडा दुसऱ्याच्या पोटातून आरपार जातो, त्यामुळे जबडे आडवे हलत नाहीत. पण त्या पोटातच रक्त आणि सलाइन साचतं, आणि तडा जायला सुरुवातही बहुतेक वेळा तिथूनच होते. लॅप जॉइंटमध्ये एक दांडा दुसऱ्यावर ठेवून स्क्रूनं जोडलेला असतो. तो बनवायला आणि धुवायला सोपा, पण स्क्रू ढिला झाला की पाती बाजूला सरकतात. कात्रीला दुसरा प्रकार चालतो, कारण स्क्रू आवळून पात्यांचा ताण जुळवता येतो. बारीक पकडीच्या फोर्सेपला पहिला बरा.

धातूचा विषय इथे थोडा सविस्तर घ्यायला हवा, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ त्यात असतं असं आमचं मत आहे. कात्री, फोर्सेप, नीडल होल्डर यांना ४१० किंवा ४२० प्रकारचं मार्टेन्सिटिक स्टेनलेस पोलाद लागतं, कारण ते तापवून आणि झटकन थंड करून कठीण करता येतं. ३०४ आणि ३१६ गंजाला जास्त दाद देत नाहीत, पण उष्णतेच्या प्रक्रियेनं कठीण होत नाहीत. म्हणून ती रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला धरायची अवजारं), वाट्या आणि सक्शनच्या नळ्यांना वापरतात. फोर्सेपसाठी ४० ते ४८ रॉकवेल सी (कठीणपणा मोजायचं माप) आणि कात्रीसाठी ५० ते ५८ हा कठीणपणाचा सर्वसाधारण पट्टा. कात्रीच्या दोन पात्यांत फार फरक ठेवू नका, कारण कठीण पातं मऊ पात्याला खातं.

४२० पोलाद साधारण १००० ते १०५० अंशांवर तापवून झटकन थंड करतात आणि मग कमी तापमानावर टेंपर करतात, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवतात. इथे नवखा डिझाइनर ड्रॉइंगवर फक्त कठीणपणाचा आकडा लिहून मोकळा होतो. पण ४२५ ते ५५० अंशांच्या आसपास टेंपर केलं, तर क्रोमियमचे कार्बाइड तयार होतात आणि आजूबाजूच्या धातूतलं क्रोमियम कमी पडतं. मग आकडा बरोबर असूनही अवजार गंजतं आणि ठिसूळही होतं. म्हणून ड्रॉइंगवर कठीणपणासोबत टेंपरिंगची मर्यादाही लिहा.

पॉलिश झाल्यावर पृष्ठभागावर यंत्राच्या हत्यारांचे लोखंडी कण चिकटून राहतात. नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लात पॅसिव्हेशन करून ते काढावे लागतात, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर एकसारखा बसतो. तपासायला कॉपर सल्फेटचं द्रावण ६ मिनिटं लावून पाहतात. तांब्याचा लालसर थर बसला तर मोकळं लोखंड शिल्लक आहे. उकळण्याची चाचणीही आहे: ३० मिनिटं ऊर्ध्वपातित पाण्यात उकळायचं, त्याच पाण्यात काही तास राहू द्यायचं, वाळवायचं आणि गंजाचे ठिपके शोधायचे. लेझरनं खोदलेला कोड किंवा नाव हे नेहमीचं दुखणं. लेझरच्या उष्णतेनं तिथला रक्षक थर बिघडतो आणि अक्षरांच्या कडेनंच गंज उठतो. लेझरची ताकद कमी ठेवा आणि मार्किंगनंतर पुन्हा पॅसिव्हेशन करा.

वापरात आलेल्या अवजारावर तपकिरी डाग दिसला तर लगेच गंज म्हणू नका. पेन्सिलच्या खोडरबरानं घासा. डाग गेला आणि खाली धातू गुळगुळीत निघाला, तर तो पाण्यातल्या क्षारांचा किंवा डिटर्जंटचा डाग. खाली खड्डा दिसला तर तो गंज. खड्ड्यांचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे क्लोराइड, म्हणजे सलाइनमध्ये भिजत पडलेलं किंवा रक्त वाळेपर्यंत तसंच राहिलेलं अवजार. वापरणाऱ्याला दोष देऊन डिझाइनर सुटत नाही. गर्दीच्या दिवशी ट्रे तासभर पडून राहणार, हे गृहीत धरूनच सांधे आणि खाचा आखाव्या लागतात.

खाचांचा नियम आम्ही असा सांगतो: फट एक तर पूर्ण बंद करा किंवा ब्रश जाईल इतकी उघडी ठेवा, अर्धवट ठेवू नका. आंधळी भोकं, स्प्रिंगांची वेटोळी, एका बाजूनं बंद नळ्या आणि एकमेकांवर घासणारे पत्रे, या चार जागा ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीनं खुणावा. ड्युओडेनोस्कोपच्या, म्हणजे तोंडातून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत घालायच्या दुर्बिणीच्या, टोकाला तार वर उचलणारा एक बारीक भाग असतो. त्याच्यामागची जागा नीट धुता येत नव्हती आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू त्यातून रुग्णांपर्यंत पोचल्याच्या घटना २०१० नंतरच्या दशकात अनेक देशांत घडल्या. धुण्याच्या सूचना पुस्तिकेत होत्याच, पण पुरेशा ठरल्या नाहीत. शेवटी टोकाचा भाग एकदा वापरून टाकण्याजोगा करण्याकडे उद्योग वळला.

प्लास्टिक निवडण्याआधी निर्जंतुकीकरणाची पद्धत ठरवा. वाफेत १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटं लागतात. एबीएस त्यात वाकतं. पॉलिकार्बोनेट पहिल्या काही फेऱ्या सोसतं, पुढे पाण्यामुळे साखळ्या तुटून त्याला बारीक तडे जातात. पुन्हा पुन्हा वाफ घ्यायची असेल तर पीपीएसयू किंवा पीक (PEEK) ही प्लास्टिकं घ्या. एकदा वापरायच्या वस्तूंना बहुधा इथिलीन ऑक्साइड किंवा गॅमा किरणं देतात, आणि गॅमाची नेहमीची मात्रा २५ किलोग्रे असते. टेफ्लॉन गॅमात भुसभुशीत होतं. साधं पॉलिप्रोपिलीन त्या दिवशी ठीक दिसतं आणि काही महिन्यांनी ठिसूळ होतं, म्हणून वय वाढवून केलेली चाचणी टाळू नका. दर १० अंशांना प्रक्रियेचा वेग दुप्पट होतो असं धरलं, तर २५ अंशांवरचं एक वर्ष ५५ अंशांच्या कपाटात साधारण ४६ दिवसांत उरकतं.

लॅपरोस्कोपीची, म्हणजे पोटाला लहान छिद्रं पाडून कॅमेऱ्यानं केलेल्या शस्त्रक्रियेची, अवजारं पहिल्या वर्षी हाती घेऊ नका, पण समजून घ्या. ५ मिलिमीटरच्या नळीतून जाणारा दांडा पोटाच्या भिंतीपाशी तरफेसारखा फिरतो. हात डावीकडे गेला की टोक उजवीकडे जातं. नळीतल्या सीलच्या घर्षणामुळे ऊतीचा प्रतिकार बोटांपर्यंत धूसर होऊन पोचतो. विजेवर चालणाऱ्या दांड्याचं इन्सुलेशन कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर फाटलं तर आतडं भाजतं आणि त्या क्षणी कुणालाच कळत नाही. म्हणून काही दांड्यांवर दोन रंगांचे थर असतात. वरचा झिजला की आतला रंग दिसतो आणि तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते.

धोक्यांचा विचार कसा करायचा ते आयएसओ १४९७१ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, आणि त्यातला क्रम पाठच करा: आधी आकारच सुरक्षित करा, मग संरक्षण जोडा, शेवटी सूचना लिहा. सिरिंज आणि नळ्या जोडायची ल्यूअर जोडणी याचं चांगलं उदाहरण. ६ टक्के निमुळती ही जोडणी शिरेच्या नळीला, अन्नाच्या नळीला, रक्तदाबाच्या पट्ट्यालाही बसायची. अन्न शिरेत गेल्यानं माणसं दगावली. लेबलं आणि रंग लावूनही चुका थांबेनात. म्हणून आयएसओ ८०३६९ मालिकेत वेगवेगळ्या कामांच्या जोडण्यांचे आकारच वेगळे केले, म्हणजे चुकीची नळी बसू नये.

गरज लिहिताना “सहज बंद व्हावं” असं लिहू नका. कोणत्या बिंदूवर, किती न्यूटनच्या आत, कोणत्या दात्यापर्यंत, किती फेऱ्यांनंतर, हे लिहा. नमुन्यांची संख्याही अंदाजानं ठरत नाही. एकही नापास न होता ९५ टक्के खात्रीनं ९० टक्के विश्वासार्हता दाखवायला २९ नमुने लागतात, ९५ टक्के दाखवायला ५९. धोका जितका गंभीर तितका दुसरा आकडा जवळ करा. वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेच्या आयएसओ १३४८५ या मानकाप्रमाणे गरज, ड्रॉइंग, चाचणी आणि बदल यांची साखळी कागदावर राहावी लागते. ही नोंद रोजच्या रोज लिहा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेली फाइल तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच ओळखू येते.

ऑपरेशन थिएटरमध्ये जाल तेव्हा निर्जंतुक चादरींपासून किमान ३० सेंटिमीटर लांब राहा, दोन निर्जंतुक टेबलांच्या मधून जाऊ नका आणि सर्जनपेक्षा स्क्रब नर्सकडे जास्त पाहा. अवजार तिच्या हातातून कोणत्या दिशेनं जातं, सर्जन मान न वळवता ते कसं घेतो, हातात आल्यावर ते फिरवून धरावं लागतं का, हे मुठीच्या डिझाइनचे खरे प्रश्न आहेत. थ्रीडी प्रिंट केलेला नमुना कोरड्या हातानं तपासण्यात अर्थ नाही. हातमोजे घाला, त्यांवर ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, आणि ५.५ पासून ९ पर्यंतच्या मापांचे हात त्यावर फिरू द्या. डावखुऱ्यांनाही द्या. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा जोर पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो, आणि धार चांगली असूनही ऊती दुमडते.

शिक्षण मेकॅनिकल, बायोमेडिकल, धातुशास्त्र किंवा औद्योगिक डिझाइन यांपैकी कशातलंही चालतं. शाखा कोणतीही असो, भौमितिक टॉलरन्स, मूलभूत संख्याशास्त्र आणि शरीररचना हे तीन विषय स्वतः शिकावे लागतात. मुलाखतीला रंगीत रेंडर नेण्यापेक्षा एक जुनी फोर्सेप न्या. तिचं मोजून काढलेलं ड्रॉइंग, सांध्यापाशी करवतीनं कापून घेतलेला छेद, त्यात अडकलेल्या मळाचा जवळून घेतलेला फोटो, आणि तो सांधा तुम्ही कसा बदलाल याचं एक पान. छेद घेण्याआधी फोर्सेप ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून) घ्या आणि कापताना हातमोजे व चष्मा घाला, कारण सांध्याच्या आत काय साठलंय हे बाहेरून दिसत नाही.