युटात हायस्कूल निवडताना, मॉर्मन नसलेल्या घरांसाठी

माझ्या मावसभावाची म्हापशाहून अमेरिकेत युटा राज्यात बदली झालीय, जूनमध्ये निघतायत, मुलगी तिथे नववीत जाणार, आणि गेले पंधरा दिवस वहिनीचा रोज फोन, की तिकडे सगळे मॉर्मन (म्हणजे तिकडचा एक वेगळा ख्रिस्ती पंथ), आपल्या पोरीचं कसं होणार, कुठली शाळा बघू. माझा सख्खा भाऊ युटातच लीहाय गावाच्या बाजूला सहा वर्षं राहतो आणि भाचीच्या हायस्कूलचं ठरत होतं तेव्हा मी चार महिने तिथेच होते, तिच्याबरोबर शाळा बघत फिरले. वहिनीला तुकड्यातुकड्याने सांगितलं ते सगळं एकत्र लिहून काढतेय, अजून कोणी निघालं असेल तर त्यालाही होईल.

आधी माझं सांगते, कारण त्यावरूनच मला तिकडचं कळलं. मी गोव्यातल्या साष्टीतली, मडगावजवळच्या चर्चच्या हायस्कूलात शिकले, वर्गात आम्ही हिंदू सात-आठ जण. दोतोर्नीचा, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाचा, तास आला की कॅथलिक मुलं उठून जायची आणि आम्ही मॉरल सायन्सचं पुस्तक उघडून मागे बसायचो. कोणी आम्हाला कधी वाईट वागवलं नाही, टीचर तर फार चांगल्या होत्या. पण ती मुलं परत यायची ना, तेव्हा त्यांच्यात कन्फर्मेशनच्या विधीचं, क्वायरचं, चर्चच्या फेस्ताचं बोलणं चाललेलं असायचं आणि आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही. युटात हेच आहे, फक्त खूप मोठं. इथे निदान चवथीला, गणपतीत, आमचाही दिवस यायचा, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) बघायला तीच मुलं आमच्या घरी यायची. तिथे तो दिवस आपल्याला स्वतःला उभा करावा लागतो.

पहिली भीती काढून टाका. सरकारी शाळेत वर्गात धर्म शिकवत नाहीत, शाळेने प्रार्थना घ्यायला तर अमेरिकेत १९६२ पासून कोर्टाची मनाई आहे. पोरीला कोणी वर्गात बसवून मॉर्मन करणार नाही. पण शाळेला लागूनच, चर्चच्या स्वतःच्या जागेत, एक छोटी इमारत असते, तिला सेमिनरी म्हणतात. नववी ते बारावीची मुलं आईबापांच्या परवानगीने शाळेच्या वेळात एक तास तिथे जाऊन धर्माचा अभ्यास करतात, टाइमटेबलवर त्याला रिलीज टाइम असं नाव असतं आणि शाळेकडून त्याचं क्रेडिट, म्हणजे पास होण्यासाठी मोजले जाणारे गुण, मिळत नाही. १९१२ मध्ये सॉल्ट लेकच्या ग्रॅनाइट हायस्कूलपाशी हे सुरू झालं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांची सवय आहे, तिकडच्या लोकांना त्यात काहीच वेगळं वाटत नाही.

आता हे नीट लक्षात घ्या कारण सगळ्यात जास्त उपयोग याचाच आहे. बऱ्याच शाळांत दिवसाला चार लांब तास आणि दुसऱ्या दिवशी वेगळे चार, असे मिळून आठ विषय असतात. सेमिनरीवाल्या मुलाचा त्यातला एक तिकडे जातो, तुमच्या मुलीचा तो एक शिल्लक राहतो, आणि चार वर्षांत ते फार होतं. भाचीच्या पहिल्या सहामाहीत आम्ही इकडे लक्षच दिलं नाही, काउन्सेलरने (मुलांचे विषय ठरवून देणारी शाळेतली व्यक्ती) तो तास ऑफिसात मदतनीस म्हणून टाकला, पोरगी तिथे बसून कागदांना स्टेपल मारायची. खिडकीतून समोर सेमिनरीची इमारत दिसायची आणि मुलं घोळक्याने बर्फातून चालत जाताना ती बघायची. घरी येऊन काही बोलायची नाही, नुसती जेवण कमी झालं होतं. जानेवारीत भाचीची आई जाऊन भांडली तेव्हा मातीकामाचा क्लास मिळाला, आणि तिथे तिला दोघी मैत्रिणी मिळाल्या, एक मेक्सिकन कॅथलिक घरातली आणि एक चर्चचीच पण सेमिनरी न घेतलेली. म्हणून शाळा बघायला गेलात की काउन्सेलरला पहिला प्रश्न हाच विचारा, जी मुलं रिलीज टाइम घेत नाहीत ती त्या तासाला काय करतात? उत्तर लगेच आणि नेमकं आलं तर शाळेला अशा मुलांची सवय आहे असं समजा. नुसतं घरी जाऊ शकते म्हणाले तर जपून. मोठ्या वर्गात त्याच तासात कॉलेजचे क्रेडिट देणारे विषय घेता येतात, युटात क्रेडिटमागे फक्त पाच डॉलरपर्यंत पडतात, पुढे युनिव्हर्सिटीच्या फीत तो पैसा वाचतो.

दुसरं, घर भाड्याने घ्यायच्या आधी शाळा बघा, कारण पत्त्यावरून शाळा ठरते. सगळे तिथेच चुकतात, कंपनीच्या जवळ म्हणून घर घेतात आणि मग शाळेचं शोधतात. प्रोव्हो, लीहाय हा युटा काउंटीचा पट्टा फार घट्ट मॉर्मन आहे. सॉल्ट लेक शहरात वस्ती बरीच मिसळलेली, तिथल्या वेस्ट हायस्कूलमध्ये आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम पण आहे. साउथ जॉर्डनला गणपतीचं देऊळ आहे, त्या भागात आपली माणसं भेटतात. हद्दीबाहेरची शाळा हवी असेल तर ओपन एन्रोलमेंटचा फॉर्म भरता येतो, पुढच्या वर्षासाठीची मुख्य मुदत साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असते, जागा असली तर घेतात, पण शाळेची बस मिळेल असं धरू नका, ने-आण आपली. जूनमध्ये पोचणाऱ्यांची ती मुदत गेलेली असते, तरी विचारावं, उशिराचे अर्जही बघतात.

आता भागाला एवढं महत्त्व का, तर एकटेपणा शाळेत कमी आणि शाळेबाहेर जास्त. चर्चचे वॉर्ड, म्हणजे वस्तीप्रमाणे पाडलेले गट असतात, एका गल्लीतली सगळी घरं एकाच वॉर्डात, म्हणजे शेजारची मुलं रविवारी एकत्र, आठवड्यात एका संध्याकाळी युथचा कार्यक्रम तोही एकत्र, सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली. उन्हाळ्यात कॅम्प. या मुलांची मैत्री तिसरी-चौथीपासून जमलेली असते, तुमची मुलगी नववीत जाऊन दार वाजवणार. म्हणून शाळेत जाल तेव्हा लंच ब्रेकला जा, मार्कांचे तक्ते घरी बसून पण बघता येतात. कोण कोणाबरोबर बसतंय, एकटी बसलेली किती आहेत ते बघा. क्लबांची यादी मागा. ऑर्केस्ट्रा, डिबेट, रोबोटिक्स, टेनिस, जिथे रोज शाळेनंतर दोन तास एकत्र घालवायचे असतात ते कुठल्याही रेटिंगपेक्षा मोठं आहे, कारण तिथली मैत्री वॉर्डवर अवलंबून नसते. आणि मुलीला एक अख्खा दिवस कोणा विद्यार्थ्याबरोबर वर्गात बसू देतात का ते विचारा, त्या दिवशी संध्याकाळी तिचं तोंड बघा, बाकी काही विचारू नका.

खासगी शाळा पण आहेत. गोव्यातून गेलेल्यांना गंमत वाटेल पण सॉल्ट लेकला जज मेमोरियल आणि ड्रेपरला हुआन डिएगो या कॅथलिक शाळा आहेत, मॉर्मन नसलेली घरं तिकडे बघतात, आपल्याला तर ते वातावरण ओळखीचं. पण फी आहे. चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या, त्यांना फी नसते, जागेपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी काढतात. माझं मत विचाराल तर आधी बरी सरकारी शाळा बघा, पोरीला शेजार तोडून लांब पाठवलं तर गल्लीत ती आणखीनच परकी होते.

घरच्या वागण्याचं थोडं. मॉर्मन हा शब्द त्यांच्या तोंडावर वापरू नका, २०१८ मध्ये चर्चनेच आमचं पूर्ण नाव वापरा म्हणून सांगितलंय, मेंबर म्हटलं की सगळ्यांना कळतं. ते चहा-कॉफी पीत नाहीत. भाचीची मैत्रीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा भाचीच्या आईने प्रेमाने आलं घालून चहा ठेवला, ती मुलगी कप दोन्ही हातात धरून नुसती बसली, लाल झाली बिचारी. मग कोकमाचं सरबत केलं, तिने दोन ग्लास प्यायले. हे आधीच माहीत असलेलं बरं. चर्चच्या कार्यक्रमाला बोलावलं तर खेळ, जेवण असेल तिथे जाऊ द्या, उपदेशाच्या भेटीला नाही म्हणायला शिकवा, "थँक्यू, आमच्या घरचा धर्म वेगळा आहे" एवढं बास, ते रागावत नाहीत. आणि तुम्हीही बोलवा. चवथीला नेवऱ्या (करंज्या) करा, गल्लीतली चार पोरं बोलवा, होळीला स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात तिच्या मैत्रिणींना घेऊन जा, तिथे रंग खेळायला तिकडचीच तरुण मुलं हजारोंनी येतात. भाचीच्या वर्गातल्या मुली रंगलेल्या तोंडाने गाडीत बसल्या तो दिवस मी बघितलाय, येताना सगळ्या तिलाच विचारत होत्या हे काय आणि ते काय.

निघायच्या आधी इथली मार्कशीटं शाळेच्या शिक्क्यानिशी इंग्रजीत घ्या आणि लसींचं कार्ड पूर्ण करा. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए च्या लसी आपल्याकडे सरकारी यादीत नाहीत, बऱ्याच मुलांनी घेतलेल्या नसतात, तिथे प्रवेशाच्या वेळी विचारतात, आणि डोसांमध्ये काही महिन्यांचं अंतर लागतं म्हणून ऐनवेळी धावपळ होते. वहिनी काल म्हापशाला डॉक्टरकडे जाऊन पहिला डोस देऊन आली. आणि भाचीचा नंबर मी त्या पोरीला दिलाय, दोघींचं आता रात्री उशिरापर्यंत चालू असतं, मातीकामाचा क्लास सगळ्या शाळांत असतो का असं तिने विचारलं म्हणे.